फवारणीच्या दुसऱ्या दिवशी

टोमॅटो लावणं म्हणजे काय, चार बिया मातीत टाकायच्या आणि पाणी घालायचं, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना एकेकाला फेब्रुवारीत आमच्या गच्चीवर आणून उभं करावं असं मला अजून वाटतं. मी चिडकी आहे असं घरचे म्हणतातच. पण त्या वर्षी मला कारण होतं.

आम्ही चेन्नईत अड्यारला राहतो. नवऱ्याची नोकरी गाड्यांच्या कारखान्यात. तो उजाडायच्या आत कंपनीच्या बसने जातो आणि दिवेलागणीला येतो. मुलगी पुण्याला कॉलेजात. नाशिकला असताना मी शाळेत गणित शिकवायचे. इथे तमिळ येत नाही म्हणून ते सुटलं. वीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांना नुसत्या नजरेने गप्प बसवणारी मी भाजीवाल्यासमोर मुकी होऊन बोटं दाखवायला लागले, तेव्हा मला स्वतःचीच कीव यायला लागली. मग मी कुंड्या आणल्या.

खालच्या मजल्यावर मामी राहतात. इकडे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला मामीच म्हणतात. पण या मामी आपल्याच निघाल्या. तंजावरकडचं मराठी घराणं, किती पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं त्यांनाही नीट सांगता येत नाही. लिफ्टमध्ये पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "कोठें राहतांत तुम्ही?" तेव्हा मला रडूच फुटलं. त्यांचं मराठी जुन्या पोथीतल्यासारखं, मधे मधे तमिळ शब्द आणि सगळ्याला तमिळ हेल. माझं मराठी त्यांना फार भरभर वाटतं. "हळू बोल ग, कोण पाठीस लागलाय तुझ्या?" असं त्या मला दर दोन दिवसांनी म्हणतात.

त्या हिवाळ्यात मामींची एकुलती एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. पाचवा महिना लागला होता, आणि तरीही पोरीच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. वजन वाढायचं सोडून घटत होतं. इडली नको, भात नको, ताक नको. तिला खावासा वाटायचा फक्त कच्चा टोमॅटो, मीठ लावून. तोही बाजारचा आणला की तोंडाजवळ नेताच ओकारी. "औषधाचा वास येतोय, अम्मा," म्हणायची. धू धू धुतला तरी तेच. माझे पहिले सहा टोमॅटो तेव्हा नुकते लाल झाले होते. मी ते वाटीत घालून खाली नेले. पोरीने दोन खाल्ले आणि ते पोटात राहिले. मामींनी माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगभर मी टोमॅटोवाली अक्का. वॉचमनसुद्धा मला बघून हसायला लागला. जिन्यात तीन-चार बायका असताना मामींनी विचारलं, "खरेंच कांहीं मारत नाहींस झाडांवर?" आणि मी छाती फुगवून म्हटलं, "एक थेंब नाही, मामी. निर्धास्त द्या पोरीला." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण खरंच सांगते, तेव्हा ते खरं होतं.

आणि मग किडे आले.

आधी मावा आला. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे ठिपके, हात लावला की चिकट. मी बोटांनी चिरडला. मग पांढरी माशी. झाडाला नुसता धक्का लागला तरी पिठाची चाळणी हलवावी तसं उडायचं आणि पुन्हा पानाच्या पाठीशी जाऊन बसायचं. दोन झाडांची पानं आकसून वर वळली, बोकड्या पडला, ती मी उपटली. मग खोडाच्या बेचक्यांत कापूस चिकटवल्यासारखे पिठ्या ढेकूण. ते जुन्या टूथब्रशने घासून काढले. पानांवर नागअळीच्या पांढऱ्या रेघोट्या उमटल्या, तर ती पानं खुडली. खुडता खुडता झाडाला पानंच राहिली नाहीत.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. आईने नाशिकहून फोनवर सांगितलं, राख टाक. अपार्टमेंटमध्ये राख कुठली? मी आठवडाभर उदबत्त्यांची राख साठवली, तर ती एका पानालाही पुरली नाही. गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांचा एक ग्रुप होता फोनवर. त्यात एक म्हणे आंबट ताक, दुसरा म्हणे हिंगाचं पाणी, तिसरा म्हणे झाडांशी बोला. मी कडुलिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घालून मारलं. घाईत तेल जास्त पडलं आणि वर चेन्नईचं ऊन. चार झाडांची पानं करपली. लसूण-मिरची वाटून त्याचं पाणी शिंपडलं, तर मीच तासभर शिंकत बसले. मावा मात्र मजेत.

एवढं सगळं मी पचवलं. पण अळी आली तिने माझी झोप उडवली. फळ पोखरणारी अळी, हिरवी, बोटाच्या पेराएवढी. डोकं फळाच्या आत आणि अर्धं अंग बाहेर, असं निवांत खात असायची. टोमॅटो समोरून लालबुंद, मागे फिरवला की भोक. सकाळी सहाला चिमटा आणि साबणाच्या पाण्याचा वाडगा घेऊन मी गच्चीवर. एकेक पान उलटायचं, एकेक घड चाचपायचा. रोज आठ-दहा अळ्या वाडग्यात पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच पुन्हा. दहा फळांतली चार वाया, मग पाच, मग सहा.

आणि खाली पोरगी वाट बघत बसलेली. तिला सातवा सरून आठवा लागला होता. डॉक्टरीण वजनावरून रागावली होती. मामी सकाळी नऊला वर यायच्या, दारातच उभ्या राहायच्या, काही मागायच्या नाहीत. "आज कांहीं पिकलें का?" एवढंच. मी तीन द्यायचे, कधी दोन. एक दिवस एकच होता, आणि तोही मी भोकाचा भाग कापून दिला. मामी तो एकच टोमॅटो दोन्ही हातांत धरून जिना उतरल्या. मला वाटलं, पोरीचं जेवण मी पिकवतेय आणि ते किडे खातायत. असं कुणी मला सांगितलं नव्हतं. मीच ते डोक्यावर घेतलं होतं.

एका शुक्रवारी मी बसने बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदाराला फोनवरचा अळीचा फोटो दाखवला. त्याने मान हलवली, मागून मोठा डबा आणला आणि त्यातलं थोडं पाण्याच्या रिकाम्या छोट्या बाटलीत ओतून दिलं. वर औषधाची ना चिठ्ठी ना नाव. झाकणभर औषध, बादलीभर पाणी, हे खुणेने समजावलं. मग दोन्ही हातांची दहा बोटं माझ्यासमोर नाचवली आणि टोमॅटो तोंडात घालायची खूण करून जोरात नकाराचा हात हलवला. दहा दिवस तोडायचे नाहीत. तेवढं तमिळ मला बोटांवरून समजलं.

त्याच संध्याकाळी मी फवारलं. तोंडाला ओढणी, हातात रबरी मोजे, एक डोळा गच्चीच्या दाराकडे. चोरी करतेय असंच वाटत होतं. फळांवर औषधाचे थेंब बसले आणि मावळतीच्या उजेडात चमकायला लागले. छान दिसत होते, तेच मला सहन होईना. बाटली मी टाकीच्या मागे ठेवली. ठरवलं होतं की दहा दिवस मामींना सांगायचं, फळ पिकलं नाही. तोवर अळी मरेल, पाऊस नाही तर नळाच्या पाण्याने धुऊन निघेल, आणि पुन्हा सुरू. कुणाला कळायचं कारण नव्हतं. अळीमिळी गुपचिळी.

नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो स्वभावाने वाईट नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. लिफ्टमध्ये कुणाला तरी हसत हसत सांगितलं असतं की आमच्या ऑरगॅनिक बाईंनी शेवटी शस्त्र उचललं. मला ते नको होतं. माझी जिन्यातली फुशारकी मला जपायची होती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. नवऱ्याला सुट्टी. मी सकाळी मैलापूरला गेले, कॉफीची पूड आणि पूजेचं थोडं सामान आणायला. परत आले तेव्हा अकरा वाजले होते. अकराच. दार उघडताना समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष गेलं होतं आणि मनात आलं होतं, अरे वा, लवकर आले.

नवरा खुशीत होता. "तुझा नियम पाळला बरं का," म्हणाला.

"कसला नियम?"

"मामींचा डबा. त्या न्यायला आल्या होत्या. त्यांच्या मुलीच्या सासूबाई आल्यायत कुंभकोणमहून, त्यांना काही बांधून द्यायला डबा हवा होता."

मामींचा स्टीलचा डबा तीन दिवस आमच्या ओट्यावर होता, त्यांनी पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात पाठवला होता त्याचा. आणि आमच्याकडे रिकामं भांडं परत द्यायचं नाही. साखर घाला, दोन लाडू घाला, काही नसेल तर गुळाचा खडा घाला, पण रिकामं नाही. ही माझ्या आईची शिकवण, आणि लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी मी ती नवऱ्याच्या डोक्यात हाणत आले होते. एकदा त्याने कुणाचं तरी पातेलं नुसतंच धुऊन दिलं, तर मी दोन दिवस बोलले नव्हते.

"घरात काहीच सापडेना ग," तो म्हणाला. "मामी दारात उभ्या. म्हटलं थांबा एक मिनिट, गच्चीवर पळालो आणि चांगले लाल लाल बघून चार-पाच डब्यात घालून दिले. काय खूश झाल्या! आणि काय ग, आज एकालाही भोक नव्हतं."

हातातली पिशवी मी खाली ठेवली. कॉफीच्या पुडीचा वास घरभर सुटला होता. मी त्याला सांगितलं. औषध, दहा दिवस, बाटली, सगळं एका दमात.

त्याचा चेहरा उतरला. "मला सांगायला काय झालं होतं तुला?"

मी उलट त्याच्यावरच ओरडले. विचारल्याशिवाय तोडायचेच कशाला, दुकानातून केळी आणता आली नसती का, वगैरे. तो एवढंच म्हणाला, "ओरड नंतर. आधी खाली जा."

मी गेले. जिन्याच्या सोळा पायऱ्या. मामींच्या दाराबाहेर चपलांचे चार-पाच जोड. आतून बायकांचे आवाज, तमिळ आणि मराठी एकत्र, मधेच मामींचं हसणं. पोरीच्या सासूबाई, चुलत सासू, आणखी कोण कोण. मामींना त्या विहीणबाईंची किती धास्ती असते ते मला माहीत होतं. लग्नात जेवणाच्या पानावर मीठ वाढायचं राहिलं, ते उकरून काढणं त्यांनी अजून सोडलं नव्हतं. त्यांच्यासमोर जाऊन काय सांगायचं? की मामी, तुम्ही ज्या शेजारणीचं कौतुक करता तिने तुमच्या गरोदर मुलीला विष लावलेले टोमॅटो पाठवलेत? मी बेलकडे नेलेला हात मागे घेतला आणि वर आले.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"पाहुणे आहेत. गेले की सांगते."

"अगं, फोन कर."

"फोन करून काय सांगू? सासू शेजारी बसलीय तिच्या."

"मग मी जातो."

"तू अजिबात जायचं नाहीस," मी म्हटलं, आणि असं म्हटलं की तो बसून राहिला.

त्यानंतरचे तास मी कसे काढले ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. मी बसून कारणं शोधली. मामी पाहुण्यांसाठी रसम करतील, त्यात टोमॅटो उकळतील, उकळल्यावर काय राहतंय. पाहुणे असताना पोरगी मीठ लावून कच्चा टोमॅटो खात बसेल का, सासूसमोर? नाहीच खाणार. शिवाय मामी तीन पाण्यांनी धुतात. शिवाय औषध फवारून जेमतेम सोळा तास झालेत, म्हणजे, इथे आले की मी अडायचे, कारण तो हिशोब उलट्या बाजूने जात होता. फोनवर शोधायला गेले तर औषधाचं नावच माहीत नाही. नुसतं "टोमॅटो, औषध, गरोदर" असं घालून जे वाचायला मिळालं त्याने पाचावर धारण बसली. मी फोन उपडा ठेवला. पुन्हा उचलला. पोरीचा नंबर त्यात होता. खाऊ नकोस एवढे दोन शब्द लिहिले असते तरी पुरे होतं. मी ते लिहिलेसुद्धा, आणि पुसले. ती विचारणार, का. मग मी काय लिहू?

साडेबारा वाजले. एक वाजला. गॅलरीतून मी खाली फाटकाकडे बघत होते. नवरा दर दहा मिनिटांनी नुसता माझ्याकडे बघायचा. जेवण कुणालाच गेलं नाही. दोनला पाच कमी असताना खाली रिक्षा आली, विहीणबाई आणि मंडळी बसली, मामींनी हात हलवला. मी चपला न घालताच जिना उतरले.

पोरगी पलंगावर उशीला टेकून बसली होती. मांडीवर ताटली. ताटलीत मीठ, थोडा रस आणि टोमॅटोच्या दोन फोडी.

"अक्का!" ती हसली. तिचं मराठी तोडकंमोडकं, तिला तमिळ आणि इंग्रजीच सोपं जातं. "आज खूप गोड. मी दोन खाल्ले."

मी ताटली तिच्या मांडीवरून उचलली. ओढलीच म्हणा ना. मामी आतून हात पुसत आल्या तोवर मी बोलायला लागले होते, आणि मामी पहिल्यांदाच मला हळू बोल म्हणाल्या नाहीत. सगळं ऐकून त्या पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांचा एक हात पोरीच्या पोटावर गेला.

"अय्यो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुज केव्हां कळलें हें?"

"आत्ताच," मी म्हटलं. "आत्ता कळलं, मामी. कळलं तशी धावत आले."

का म्हटलं, ते मला ठाऊक नाही. ठरवून नव्हतं म्हटलं. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर ते खरंच वाटायला लागलं. मागे दारात नवरा येऊन उभा होता. तो फरशीकडे बघत होता.

मग सगळी धावाधाव झाली. नवऱ्याने गाडी काढली, आम्ही पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरणीने पहिला प्रश्न विचारला तो औषधाच्या नावाचा. मी टाकीमागची बाटली बरोबर आणली होती, पण तिच्यावर कुठल्या तरी पाण्याचं लेबल. डॉक्टरणीने बाटलीचा वास घेतला, मग माझ्याकडे असं बघितलं की मला वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखं झालं. मी रिक्षा करून दुकानात गेले. दुकान जेवणासाठी बंद. शटरवर नंबर होता. मी लावला, दुकानदाराने उचलला, आणि माझी वाचाच गेली. एकही तमिळ शब्द आठवेना. मी फोन रिक्षावाल्याच्या हातात कोंबला आणि पोटाची खूण केली, बाटलीची खूण केली. त्याला काय समजलं देव जाणे, पण तो फोनवर भांडल्यासारखा बोलला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि माझ्या तळहातावर इंग्रजीत नाव लिहिलं. परत जाताना मी ती मूठ उघडीच ठेवली होती, घामाने पुसेल म्हणून.

डॉक्टरणीने माझा हात धरून नाव वाचलं. कुणाला तरी फोन केला. मग म्हणाली की टोमॅटो धुतलेले होते, दोनच होते, बहुधा काही होणार नाही. पण संध्याकाळपर्यंत ठेवून बघू. बहुधा हा शब्द तिने इंग्रजीत म्हटला आणि मी तो तीन तास चघळत बसले. यंत्रावर बाळाचे ठोके लावले होते. दाराबाहेर बसून ते मला ऐकू येत होते. जरा हळू झाले की माझा श्वास अडकायचा आणि भराभर झाले की जास्तच. मामी शेजारी बसून तोंडातल्या तोंडात काही म्हणत होत्या. साडेसहाला डॉक्टरणीने घरी जायला सांगितलं.

दवाखान्याच्या पायरीवर मामींनी माझा हात धरला. मला वाटलं आता शिव्या घालतील, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. तूं क्षणाचा उशीर न करतां आलीस."

त्या रात्री आम्ही जेवायला बसलो तेव्हा नवरा हळूच म्हणाला, "अकराला..."

"गप्प बस," मी म्हटलं. त्याच्या पोटात काही राहत नाही असं मी म्हणते, पण ते त्याने आजवर ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मी सगळी झाडं उपटली, फळांसकट. पुढचे सात-आठ आठवडे मी कान लावून जगले. खालचं दार अवेळी वाजलं की मी हातातलं टाकून जिन्याकडे जायचे. मामी जिन्यात भेटल्या की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग बोलायचे. पोरीला मी रोज विचारायचे, बाळ हलतंय ना? ती हसायची, "अक्का, तुम्ही डॉक्टरपेक्षा जास्त विचारता." मी ठरवलं होतं, आत्ता सांगून तिला घोर नको, बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग खरं सांगायचं. एप्रिलच्या अखेरीला मुलगी झाली. पाच पाच बोटं, दणदणीत आवाज. मी हुश्श केलं, घरी येऊन रडले आणि काही सांगितलं नाही.

बारशाला मामींचं घर भरलं होतं. पाळण्याला मोगऱ्याच्या माळा, पंख्याखाली सतरंजी, आणि विहीणबाई अगदी मध्यभागी. मामींनी सगळ्यांसमोर मला हाताला धरून बसवलं, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि गोष्ट सांगायला लागल्या. आधी तमिळमध्ये, मग माझ्याकरता मराठीत. शेजारीण चपलासुद्धा न घालता कशी धावत आली, उन्हातान्हात औषधाचं नाव आणायला कशी गेली, लोक काय म्हणतील याचा विचार कसा केला नाही. बायका माना डोलवत होत्या. विहीणबाईंनीसुद्धा माझ्याकडे बघून हात जोडले. मांडीवरचं बाळ झोपेत ओठ हलवत होतं. माझ्या मानेवर घाम आला होता आणि मी हसत होते. असलं हसू माझ्या तोंडावर मी कधी ठेवलं नव्हतं.

मग पानं मांडली गेली आणि सगळे बाहेर उठले. खोलीत पोरगी आणि मी राहिलो. ती पाळण्याची चादर नीट करत होती.

"मला अकराला कळलं होतं," मी म्हटलं.

तिने वळून बघितलं.

"त्या दिवशी. मी आत्ताच कळलं म्हटलं ते खोटं होतं. अकराला कळलं. मी दारापर्यंत येऊन परत गेले." तिला समजलं नसेल म्हणून मी पुन्हा इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. तिने नको म्हणून हात वर केला. समजलं होतं.

"अम्माने मला दीडला चिरून दिले," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तुम्ही वर बसला होतात."

"हो," मी म्हटलं. "तुझ्या सासूबाई होत्या म्हणून..." आणि तिथेच थांबले, कारण पुढचं वाक्य मलाच ऐकवेना.

बाहेरून मामी मला हाका मारत होत्या. पोरगी खाली वाकली. रागावलेली नव्हती, नाहीतर मला कळलं असतं, इतकी वर्षं पोरांचे चेहरे वाचलेत मी. "अम्माला सांगू नका, अक्का," ती म्हणाली. "तिला तुम्ही फार आवडता." मग तिने बाळाच्या मानेखाली हात घातला आणि त्याला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.

मी उठले, साडी नीट केली आणि बाहेर गेले. मामींनी पंगतीत पहिलं पान माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मी तिथे बसले आणि जेवले.